नाकावरचा कॅन्सर काढल्यावर नाक परत कसं उभं करतात: वेंगुर्ल्याच्या ताईंना सविस्तर उत्तर

वेंगुर्ल्याच्या एका ताईंचा प्रश्न आलाय, बाकीच्यांना कळावं म्हणून आधी थोडक्यात सांगतो. वडील ६८ वर्षांचे, सगळा जन्म आंब्याच्या बागेत गेला. उजव्या नाकपुडीवर ३ वर्षं एक जखम आहे, खपली धरते, पडते, जरा रक्त येतं, परत खपली. आता बायोप्सी झाली आणि रिपोर्टमध्ये बेसल सेल कार्सिनोमा, म्हणजे कातडीचा एक कॅन्सर, आलाय, इन्फिल्ट्रेटिव्ह प्रकारचा. एक सर्जन म्हणतात कपाळाची कातडी वळवून नाकपुडी करायला लागेल, २ नाहीतर ३ ऑपरेशनं. दुसरीकडे सांगितलं की कानामागची कातडी लावू, एकाच वेळी काम होईल. काकांचं म्हणणं कॅन्सरला हत्यार लावलं की तो पसरतो. आणि वडील स्वतः म्हणतात, "ह्या वयात माका नाक कोणाक दाखवचा आसा, रवांदे (राहू दे)." त्यात गणपती दीड महिन्यावर.

ताई, मी इकडे कोकणातच बरीच वर्षं प्लास्टिक सर्जरी करतोय आणि हे सगळं, काकांच्या वाक्यासकट, मला नेहमी ऐकायला मिळतं, म्हणून नीट बसून लिहितो.

पहिलं काकांचं. हत्यार लावल्याने हा कॅन्सर पसरत नाही. बेसल सेल म्हणजे बीसीसी हा कॅन्सर फुप्फुसात, लिव्हरमध्ये वगैरे जाणं फार म्हणजे फारच क्वचित. तो जिथे आहे तिथेच खात जातो, कातडी मग कूर्चा (मऊ लवचिक हाड) मग हाड, आणि नाकावरचा असेल तर हळूहळू डोळ्याच्या कोपऱ्याकडे सरकू शकतो. मग हा समज आला कुठून? माझ्या मते अर्धवट काढलेल्या गाठींमधून. कोणीतरी वरवर खरवडून काढतं किंवा जाळतं, वरची कातडी मस्त भरून येते, आणि खाली राहिलेलं मूळ वर्षा दोन वर्षांनी आधीपेक्षा मोठं होऊन वर येतं, की लोक म्हणणार बघा हत्यार लावलं आणि वाढलं. हत्यार लावलं म्हणून नाही वाढलं, पूर्ण काढलं नाही म्हणून वाढलं.

आणि आपल्याकडे बिब्बा लावायची जी सवय आहे ना, ती कृपा करून बंद करा. तीळ वाढला लाव बिब्बा, चामखीळ आली लाव बिब्बा, कोणी काजूच्या टरफलाचं तेल लावतं, कोणी चुना. एक तांडेल (मच्छीमार बोटीचे प्रमुख) आले होते, नाकाच्या शेंड्यावर काळपट, मोत्यासारखी चकाकणारी गाठ (आपल्या रंगाच्या कातडीत बीसीसी बऱ्याचदा असा काळाच दिसतो, म्हणून लोकांना तीळच वाटतो), त्यावर त्यांनी पावसाळाभर बिब्बा लावला होता. भाजल्याचा व्रण आणि कॅन्सर असे एकात एक मिसळले होते की कडा कुठे संपते तेच डोळ्यांना कळत नव्हतं. त्यांचं मग जेवढं काढायला लागलं त्यात भाजलेली कातडी किती आणि आजार किती, कोणास ठाऊक.

आता तुमच्या रिपोर्टमधला सगळ्यात महत्त्वाचा शब्द, इन्फिल्ट्रेटिव्ह. साधा गाठीसारखा, कडा स्पष्ट असलेला लहान बीसीसी असेल तर दिसणाऱ्या कडेपासून ४ मिलीमीटर जास्त काढलं की बहुतेक वेळा पूर्ण निघतो. इन्फिल्ट्रेटिव्हमध्ये कॅन्सरच्या पेशी बारीक धाग्यांसारख्या कातडीखालून लांब गेलेल्या असतात, वरून काहीच दिसत नाही. त्यात नाक ही जागाच अशी की इथला बीसीसी परत येण्याचं प्रमाण पाठीवरच्या किंवा हातावरच्या बीसीसीपेक्षा जास्त. म्हणून मला कोणी विचारलं की कपाळाची कातडी बरी की कानामागची, तर माझा पहिला उलटा प्रश्न असतो की मार्जिन, म्हणजे काढलेल्या तुकड्याच्या कडेला कॅन्सर उरलाय का, ती कशी तपासणार आहेत ते विचारलंत का? तुमच्या मेसेजमध्ये ते कुठेच नाही.

मार्जिन तपासायच्या तीन पद्धती. एक मोज सर्जरी, फ्रेडरिक मोज नावाच्या अमेरिकन सर्जनने १९३० च्या दशकात शोधलेली, यात एकेक पातळ थर काढून त्याची सगळी कडा आणि तळ लगेच मायक्रोस्कोपखाली बघतात आणि जिथे पेशी दिसतील फक्त तिथलाच पुढचा थर काढतात. उत्तम पद्धत, पण आपल्या देशात मोजक्या ठिकाणीच होते. दुसरी फ्रोझन सेक्शन, म्हणजे पेशंट टेबलावर असतानाच तुकडा गोठवून बघायचा, त्याला पॅथॉलॉजिस्ट (तुकडा तपासणारा डॉक्टर) हॉस्पिटलमध्येच लागतो. तिसरी आपल्याकडे कुठेही जमणारी: गाठ काढायची, तुकड्याच्या वरच्या बाजूला एक टाका घालून ठेवायचा म्हणजे पॅथॉलॉजिस्टला दिशा कळते, आणि रिपोर्ट येईपर्यंत जखम उघडीच ठेवून ड्रेसिंग करत राहायचं. आठवडाभर लागतो साधारण. रिपोर्टमध्ये एखाद्या बाजूला पेशी आहेत असं आलं तर तेवढ्याच बाजूला आणखी काढायचं. सगळ्या कडा आणि तळ साफ आला की मग नाक करायचं.

हा आठवडा घरच्यांना फार जड जातो हे मला माहितीये. नाकाला भोक आहे आणि डॉक्टर म्हणतात थांबा! पण त्या जखमेला आठ दिवसात काही होत नाही, ओलसर मलमाची पट्टी असली की दुखतही फारसं नाही. उलट कॅन्सर कडेला राहिलाय आणि त्यावर कपाळाची छान जाड कातडी शिवून टाकली तर तो खालच्या खाली वाढतो, दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो, आणि कपाळाची ती चांगली कातडी वापरून संपलेली असते. म्हणून इन्फिल्ट्रेटिव्ह प्रकारात मार्जिन कळल्याशिवाय त्याच दिवशी फ्लॅप (स्वतःच्या रक्तपुरवठ्यासकट वळवलेली कातडी) फिरवून बंद करायला मी तयार होत नाही, पेशंट कितीही मागे लागला तरी.

आता नाक. नाक म्हणजे नुसती कातडी असती तर सगळं सोपं होतं. आतून ओलं नाजूक अस्तर, मध्ये हाड आणि कूर्चेचा सांगाडा, वरून कातडी, असे तीन थर. कौलारू घराचे वासे काढले आणि कौलं तशीच ठेवली तर काय होईल, तेच नाकाचं होतं, सांगाडा न देता नुसती कातडी घातली की काही महिन्यांत ती आत बसते आणि वर ओढली जाते. नाकपुडीच्या कडेची तर अजून गंमत आहे, तिथे मुळात कूर्चा जवळजवळ नसतेच, जाडसर चिवट मांस असतं. पण नवीन नाकपुडी करताना मात्र कानाच्या वाटीतली कूर्चेची पट्टी काढून तिथे घालायलाच लागते, नाहीतर श्वास घेतला की नाकपुडी आत चिकटते आणि तो माणूस रात्रभर तोंडाने श्वास घेत बसतो. कानातली पट्टी काढल्याने कानाचा आकार बदलत नाही, मागून काढतात, व्रणही दिसत नाही.

दुसरी गोष्ट, नाकाच्या वरच्या कातडीचे भाग असतात: मधला कणा, शेंडा, दोन बाजू, दोन नाकपुड्या, खालची मधली दांडी आणि शेंड्याजवळचे दोन छोटे त्रिकोण, मिळून ९. बर्गेट आणि मेनिक या अमेरिकन सर्जननी १९८५ मध्ये हे नीट मांडलं. सांगायचं कारण असं की एखाद्या भागाचा अर्ध्यापेक्षा जास्त तुकडा गेला असेल तर उरलेली चांगली कातडीही काढून तो अख्खा भागच नवीन करायचा. ऐकायला उलटं वाटतं, पण व्रण दोन भागांच्या सीमेवर, जिथे नैसर्गिक घडी आणि सावली असतेच, तिथे गेला की डोळ्यांना टोचत नाही. मधोमध ठिगळ असलं की समोरचा बोलताना तिथेच बघतो.

म्हणजे कानामागची कातडी लावणं वाईट का? अजिबात नाही. नाकाच्या बाजूच्या भिंतीवर, वरच्या अर्ध्यात, कातडी पातळ असते, तिथे ग्राफ्ट, म्हणजे दुसरीकडून पूर्ण सुटी काढून लावलेली कातडी, चांगली बसते. संगमेश्वरकडच्या एका आजींना मी स्वतःच ग्राफ्ट सुचवली होती, ८० च्या पुढे वय, हार्टचा त्रास, जखम नाकाच्या भिंतीवर उथळ, सुंदर भरली. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याजवळच्या खोलगट जागेत तर कधी कधी काहीच न लावता जखम आपोआप भरू दिली तरी चालतं. शेंड्याजवळ दीड सेंटिमीटरपर्यंतची जखम असेल तर शेजारचीच कातडी दोन पाकळ्या करून फिरवता येते, बायलोब फ्लॅप म्हणतात त्याला, एकाच वेळी काम संपतं.

पण तुमच्या वडिलांची जागा नाकपुडी आहे, आणि तीही कडेजवळ. ग्राफ्टला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, खालच्या मांसातून ती जगते, उघड्या कूर्चेवर धरत नाही, म्हणजे खाली कूर्चेची पट्टी घालून वर ग्राफ्ट हा बेत बऱ्याचदा फसतो. आणि पट्टी न घालता लावली तर धरली तरी आकसते. नाकपुडीची कडा आकसली की वर खेचली जाते, एका बाजूचं भोक मोठं दिसतं, श्वासाचा त्रास वेगळा. तुम्ही लिहिलंय जखम साधारण २ सेंटिमीटर, म्हणजे मार्जिन धरून ३ च्या आसपास जाणार आणि कदाचित आतलं अस्तरही थोडं जाईल. एवढ्याला माझं मत कपाळाच्या फ्लॅपच्या बाजूने आहे. प्रत्यक्षात फक्त नाकपुडीच गेली आणि अस्तर वाचलं तर गालाच्या घडीतून घेतलेला फ्लॅपही चालतो, त्यातही सुमारे ३ आठवड्यांनी दुसरं छोटं ऑपरेशन असतंच. पेशंट न बघता मी याच्या पुढे जाणार नाही, तुमच्या सर्जनने हात लावून बघितलंय, मी नाही.

कपाळाचा फ्लॅप म्हटलं की लोक दचकतात म्हणून तो कसा करतात ते सांगतो. ही पद्धत आपल्याच मातीतली आहे. टिपू सुलतानाबरोबरच्या लढाईत इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा माणूस पकडला गेला, त्याचं नाक कापलं, आणि पुढे पुण्याजवळच्या विटा करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने कपाळाच्या कातडीतून त्याला नवं नाक करून दिलं. त्याचं वर्णन चित्रासकट ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या एका मासिकात छापून आलं, ते वाचून जोसेफ कार्प्यू या सर्जनने १८१४ मध्ये तिकडे पहिल्यांदा तसं ऑपरेशन केलं. आजही जगभर ज्याला इंडियन फ्लॅप म्हणतात तो हाच.

आज आम्ही काय करतो, तर चांगल्या बाजूच्या नाकपुडीवर टाक्यांच्या पाकिटाची चंदेरी फॉइल दाबून तिचा साचा घेतो, तो उलटा करतो, आणि केसांच्या रेषेखाली कपाळावर ठेवून पेनाने आखतो. भुवईच्या आतल्या टोकाजवळून एक धमनी वर जाते, छोट्या डॉप्लरने तिचा आवाज ऐकून जागा नक्की करतो, आणि त्या धमनीसकट दीडेक सेंटिमीटर रुंद पट्टी ठेवून वरची कातडी उचलून खाली नाकावर फिरवतो. कपाळ सरळ शिवून टाकतात. अगदी वर केसांजवळ कधी थोडी जागा शिवली जात नाही, ती तशीच ठेवतो, महिना दीड महिन्यात ती आपोआप भरते आणि खरं सांगतो, ग्राफ्ट लावण्यापेक्षा चांगली दिसते. शिवाय बागेत काम केलेल्या माणसाचं कपाळ आणि नाक दोन्ही सारखंच रापलेलं असतं, त्यामुळे रंग असा जुळतो की दुसरी कुठलीच कातडी तशी जुळत नाही.

मग भुवईपासून नाकापर्यंत ती पट्टी जोडलेली राहते, पेशंट त्याला सोंडच म्हणतात. ३ आठवड्यांत नाकाकडून नवीन रक्तवाहिन्या येतात आणि मग सोंड कापता येते. पण अस्तर आणि सांगाडा दोन्ही करायचं असेल तर ३ आठवड्यांनी फ्लॅप उचलून आतून चरबी पातळ करायची, कूर्चा घालायची, परत बसवायची, आणि सोंड ६ आठवड्यांनी कापायची. तुमच्या सर्जनने २ किंवा ३ ऑपरेशनं म्हटलं ते यासाठीच, ते पैसे काढायला सांगत नाहीत.

त्या दिवसांत काय त्रास होतो ते कोणी आधी सांगत नाही म्हणून लिहितो. पहिले एक दोन दिवस सोंडेच्या कच्च्या बाजूने रक्त झिरपतं, उशी खराब होते, घाबरू नका, व्हॅसलीनची पट्टी गुंडाळलेली असते ती डॉक्टरच बदलतील. पण पट्टी भिजून रक्त टपटप गळायला लागलं तर मात्र लगेच हॉस्पिटल, आणि फ्लॅप काळानिळा किंवा पांढराफटक पडला तरी तसंच. डोकं उंच ठेवून झोपायचं. चष्मा नाकावर बसत नाही, मध्ये सोंड येते, आणि रोज पेपर नाहीतर पोथी वाचणाऱ्या माणसाला याचाच सगळ्यात जास्त वैताग येतो, तर चष्मा कपाळावर चिकटपट्टीने अडकवून ठेवता येतो, सिस्टरला सांगा. नवीन नाकाला हात लावला तर कपाळाला हात लागल्यासारखं वाटतं, वेड लागलंय असं समजू नका, नसा अजून कपाळाच्याच आहेत. कपाळ बुटकं असेल तर नाकावर केसही येऊ शकतात, ते नंतर काढता येतात. आणि सोंड कापली त्या दिवशीचं नाक हे शेवटचं नाक नाही, सूज उतरायला कित्येक महिने जातात, गरज पडली तर बारीकसं आकार देण्याचं काम चारेक महिन्यांनी करतात. रात्री नाकपुडीत मऊ नळी घालून झोपायला सांगतील, ती नक्की घाला, कंटाळून सोडली की भोक आवळतं.

आता वडिलांचं, नाक कोणाक दाखवचा आसा. या वाक्याचा मी कधी अपमान करत नाही. माणूस ६८ चा आहे, शुद्धीवर आहे, निर्णय त्याचाच. फक्त त्यांच्यापुढे दोन प्रश्न वेगळे करून ठेवा. कॅन्सर काढायचा का, हा एक. तिथे रवांदे चालणार नाही, कारण राहिला तर तो डोळ्याकडे किंवा आत हाडाकडे जातो, मग वास, माशा, पावसात त्यात किडे पडलेले मी बघितलेत, ते कोणावर येऊ नये. नाक किती चांगलं करायचं, हा दुसरा. तिथे ते म्हणाले मला एकच ऑपरेशन हवं, थोडं वेडंवाकडं चालेल, तर ग्राफ्टसुद्धा मान्य करा, श्वासाचं काय होईल ते समजावून सांगून. काहीच शस्त्रक्रिया झेपणार नसेल तर रेडिएशन हाही रस्ता असतो. सिलिकॉनचं चिकटवायचं नाकही मिळतं, पण नुसत्या नाकपुडीसाठी मी ते सुचवणार नाही. एवढं मात्र सांगेन की तीन आठवडे सोंडेला घाबरलेली बरीच माणसं नंतर लग्नकार्यात पुढे बसलेली मी बघितली आहेत, आणि ठिगळ घेऊन गेलेल्यांपैकी काहीजण अजूनही मास्क काढत नाहीत, कोरोना जाऊन एवढी वर्षं झाली तरी.

तयारीत सगळ्यात मोठं काम तंबाखू. वडील सांगतील मी खात नाही, तर मिशरी विचारा. दिवसातून चार वेळा मिशरी लावणारा माणूसही मी तंबाखू खात नाही असंच सांगतो. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि फ्लॅपचं टोक, म्हणजे नेमकं नवीन नाकपुडीचं टोक, काळं पडतं. ऑपरेशनच्या आधी चार ते सहा आठवडे आणि सोंड कापून होईपर्यंत मिशरी बंद. शुगर तपासून ताब्यात आणा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती स्वतःच्या मनाने बंद करू नका, हार्टच्या डॉक्टरांना विचारूनच.

आता हिशेब करा. गणपती दीड महिन्यावर, पूर्ण काम गाठ काढण्यापासून सोंड कापण्यापर्यंत दोन महिन्यांचं, म्हणजे आत्ता सुरू केलं तर गौरी गणपतीत घर माणसांनी भरलेलं आणि बाबा सोंड घेऊन बसलेले, काहींना चालतं, काहींना नाही. बीसीसी सावकाश वाढतो, दीड महिन्याने काही बिघडत नाही, आणि तेवढ्यात मिशरी सुटते, शुगर येते, कागदपत्रं होतात. मुंबईचे चाकरमानी भाऊ तेव्हा घरी असतील, सोबत कोण राहणार तेही ठरेल. पण तारीख आजच लिहून घ्या. नाहीतर गणपतीनंतर दसरा, मग दिवाळी, मग आंब्याची फवारणी, असं करत मे उजाडतो. आणि पावसाचे दिवस असले तर पहिला आठवडा हॉस्पिटलच्या जवळच कोणाकडे तरी राहा, घाट बंद पडला आणि ड्रेसिंग चुकलं असं नको.

खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या ऑपरेशनांचा समावेश आहे, योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसतो त्याला रेशनकार्ड, आधार आणि बायोप्सी रिपोर्ट दाखवा, आणि पुढची दोन ऑपरेशनं मंजुरीत बसतात का ते पहिल्याच दिवशी विचारा, नंतर धावपळ होते. फ्रोझन सेक्शन हवं असेल तर परळचं टाटा, नाहीतर तुम्हाला जवळ बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज पडेल, कुठेही जा पण बायोप्सीचा ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) आणि स्लाइड (काचपट्टी) सोबत न्या, नुसता कागद नको. कॅन्सर पेशंटला रेल्वेच्या तिकिटातही सवलत असते, फॉर्मवर हॉस्पिटलचा शिक्का लागतो.

सगळं झाल्यावर निदान पहिली काही वर्षं दर सहा महिन्यांनी दाखवायचं, फक्त नाक नाही, कान, मान, डोक्यावर केस विरळ असतील तर टाळू, हाताची मागची बाजू सगळं उजेडात बघायचं, कारण एकदा बीसीसी झालेल्या माणसाला दुसरीकडे नवीन होण्याची शक्यता बाकीच्यांपेक्षा जास्त असते. बागेत जाताना कडा असलेली टोपी, नुसता टॉवेल डोक्याला गुंडाळून नाक झाकलं जात नाही. आणि सर्जनकडे पुढच्या वेळी जाल तेव्हा एवढं विचाराच: मार्जिन कशी तपासणार, रिपोर्टआधी बंद करणार का, आतलं अस्तर गेलं तर कशाने करणार, कूर्चा कुठून घेणार. उत्तरं लिहून घ्या, रिपोर्टचा फोटो पाठवलात तर मी बघून सांगतो.